स्वर उतरवणारे रसायन

औषधशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला गाण्याचाही नाद आहे हे कळले, की एक प्रश्न हमखास येतो: केवळ कानांवर चालणारे एखादे सायकेडेलिक, म्हणजे जाणिवा पालटणारे रसायन, खरोखरच आहे का, आणि असल्यास ते घेतलेल्या माणसाला नेमके काय ऐकू येते? तुम्हीही तेच विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

असे रसायन आहे. डायआयसोप्रोपिलट्रिप्टामाइन, म्हणजेच डीआयपीटी. कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर शुल्गिन यांनी मायकेल कार्टर यांच्याबरोबर 1980 मध्ये त्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि पुढे 1997 साली, पत्नी ॲन यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात, ते घेणाऱ्यांचे अनुभव नोंदवले. एलएसडीसारख्या पदार्थांनी रंग आणि आकार हलू लागतात. इथे डोळ्यांपुढचे जग बहुतांशी जागच्या जागी राहते आणि आवाज तेवढा खाली उतरतो. रेडिओवरचे निवेदक खर्जात बोलू लागतात, बायकोचा आवाज सर्दीने बसल्यासारखा जाड लागतो, टेलिफोनची घंटा पाण्याखालून वाजल्यासारखी येते, कानांत दडे बसतात. पियानो तर पार बेसूर.

आपल्याकडच्या श्रोत्याला इथे एक शंका यावी, आणि ती रास्त आहे. आपला षड्ज ठरलेला नसतो; गायक काळी एकमध्ये गायला काय किंवा पांढरी पाचमध्ये गायला काय, राग तोच राहतो, मग सगळेच स्वर उतरले तर बिघडले कुठे? बिघडते ते यामुळे, की डीआयपीटीच्या अमलाखाली सगळे स्वर सारख्या प्रमाणात उतरत नाहीत. संगीताच्या पाठ्यपुस्तकांत षड्जाची सेकंदाला 240 आणि पंचमाची 360 आंदोलने देतात, म्हणजे दोनास तीन हे प्रमाण झाले. समजुतीपुरते दोन्हींतून 20 आंदोलने वजा करून पाहा: उरतात 220 आणि 340. या नव्या षड्जाच्या मानाने पंचम जवळजवळ पाव स्वर चढा झाला, आणि तंबोऱ्यात एवढा चढा पंचम असेल तर कोणताही गवई तोंड उघडण्याआधी खुंटीला हात घालील. म्हणूनच हे घेतल्यावर संगीत अलौकिक वाटत असेल, ही अनेकांची कल्पना मला उफराटी वाटते. सूर जोडीने आले की बहुतेकांना कलकलाटच ऐकू आला आहे.

याच्या उलट उदाहरण दवाखान्यात सापडते. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनमुळे काही रुग्णांना सगळे संगीत साधारण एक पट्टी उतरल्यासारखे ऐकू येते. अशा नोंदी मुख्यतः जपानमधून आणि ज्यांना ऐकताक्षणी स्वराची पट्टी सांगता येते अशा वादकांकडून आल्या, आणि त्यात नवल नाही, कारण स्वरांमधली अंतरे जवळपास शाबूत राहिली तर इतरांच्या ते ध्यानातही येणार नाही. औषध बंद झाल्यावर कान पूर्ववत होतात. अर्थात ते बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच, कारण मध्येच सोडल्यास फिट्स उलटू शकतात.

यानंतरचा प्रश्न दबक्या आवाजात येतो, की तुम्ही स्वतः डीआयपीटी घेऊन पाहिलेत का. नाही. माणसांवर त्याच्या सुरक्षिततेच्या रीतसर चाचण्या झालेल्या नाहीत, आणि चोरट्या बाजारातल्या पुडीवर लिहिलेले नाव आणि आतली भुकटी यांचा मेळ असेलच असे नाही: रेणूत मेथॉक्सी नावाच्या एका छोट्या अणुगटाची भर पडली की तयार होणारे त्याचे भावंड कानांपुरते थांबत नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्ही भुकट्या वेगळ्या ओळखता येत नाहीत.