मुरमाची गाडी आणि रॉयल्टीची पावती

आमच्या पाथर्डी फाट्याच्या प्लॉटवर भराव टाकायचा होता, तर डंपरवाला म्हणाला, भाऊ पावती पाहिजे तर रेट वेगळा. मी म्हटलं पावतीवालीच गाडी आण. रात्री ओला मुरूम उतरवला आणि मागितल्यावर दुसऱ्याच तारखेची पावती हातात दिली, डोकंच फिरलं राव.

लोकांना वाटतं खनिजाचा पैसा दिल्लीला जातो. १९५७ चा खाण कायदा केंद्राचा आहे खरा, पण त्याच्या कलम १५ ने मुरूम, वाळू, खडी असल्या गौण खनिजांचे नियम करायचा अधिकार राज्याला दिलाय, म्हणून आपल्याकडे रॉयल्टी, म्हणजे खनिज उचलल्याबद्दल सरकारला द्यायचं स्वामित्वधन, कलेक्टर, तहसीलदार, म्हणजे महसूल खातंच वसूल करतं आणि ते राज्याच्या तिजोरीत जातं. हिशोब ब्रासवर, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. विनापरवाना उचललं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड.

त्यात खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, म्हणजे रॉयल्टीसोबत भरलेल्या रकमेतून चालणारा निधी, खाणीमुळे त्रास होणाऱ्या गावांसाठी. डोंगर पोखरला की झरे आटतात, धूळ त्या गावाच्या पिकावर बसते, मग रॉयल्टी बुडाली की हक्काचे पैसे त्यांचेच बुडतात ना! मी ती पावती परत केली, खरी आणेपर्यंत पैसे देणार नाही सांगितलंय.