पाळीबाई कोण होती?

वडील गेले २०२२ च्या डिसेंबरात. तीन महिने घरात सातबाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. मग सोसायटीच्या कर्जाचा विषय निघाला आणि वारस नोंद लावणं भाग पडलं. आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं लागायची होती. माझं नाव लागू दे, मग सवडीने हक्कसोडपत्र करून घेऊ, हे न बोलताच ठरलेलं होतं. माझीही हरकत नव्हती. पुण्यात नोकरी करून इंदापूरकडचं जिरायत रान मी काय कसणार?

अर्जासाठी उतारा काढला. डिजिटल सहीचा, ऑनलाइन, पंधरा रुपयांत. घरच्या शेताचा सातबारा मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचला, म्हणजे इतर हक्कांचा रकानासुद्धा. तिथे सोसायटीच्या बोजाखाली एका बाईचं नाव होतं. नावापुढे ‘कोम’ आणि एका पुरुषाचं नाव, आणि शेवटी ‘चोळीबांगडी, हयातीपर्यंत’, म्हणजे बाईच्या खर्चापोटी, ती जिवंत असेपर्यंत. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या मुलीकडची माणसं आज आहेत आणि मी त्यांची परवानगी घेतलेली नाही.

कोम म्हणजे अमक्याची बायको, जसा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. जुन्या महसुली कागदांत हे दोन शब्द कळले की अर्धी वंशावळ हाती लागते. पण या बाई आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याचं आडनावही आमचं नव्हतं. थोरले चुलते म्हणाले, “सरकारी चूक असंल. दुसऱ्याचं नाव चिकटलं असंल.”

तलाठ्यांनी सांगितलं की मृत्यूचा दाखला आणा, नाव कमी करू. दाखला कुणाचा काढायचा तेच माहीत नव्हतं. वकिलांनी वेगळाच प्रश्न विचारला, “१७ जून १९५६ ला या बाई हयात होत्या का?” त्या दिवशी हिंदू वारसा कायदा लागू झाला. पोटगीपोटी बाईच्या ताब्यात असलेली जमीन, जी तोवर तिच्याकडे फक्त हयातीपुरती असायची, ती त्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने पुरती तिच्या मालकीची होऊ शकते. त्याला अपवाद आहेत, त्यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत. पण बाई १९५६ नंतर वारल्या असतील तर दाखला जोडून नाव उडवण्याइतकं हे सोपं राहणार नव्हतं. हे ऐकल्यावर घरात सगळ्यांनाच त्या बाई कोण हे जाणून घ्यायची घाई झाली.

आजोबांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती. त्यात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे ‘जुने कागद’. वर शेतसाऱ्याच्या पावत्या, एका आकड्याच्या तारेत ओवलेल्या. जुन्यातली जुनी तळाशी, नवी वर, त्यामुळे तार उलटी धरली की साल आपोआप लागत जातं. त्याखाली विहिरीसाठी काढलेल्या तगाईचे कागद. जमीनसुधारणेच्या कर्जाचा कायदा १८८३ चा, त्याखाली सरकार विहीर खोदायला पैसे देई आणि हप्त्याने वसूल करी. आमची विहीर दोन हप्ते थकवून झाली आहे, हेही तिथेच समजलं.

मग कर्जाचे रोखे निघाले. आमच्याकडे एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते की आपलं निम्मं रान सावकाराने खाल्लं. सुपे आमच्यापासून फार लांब नाही. १८७५ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या काढून जाळल्या, तेव्हा ही गोष्ट खोटी वाटायचं कारण नव्हतं. पण पेटीत नऊ रोखे निघाले आणि नवाच्या नवांत पैसे देणारे आमचे पणजोबा. घेणारे शेजारपाजारचे, अंगठे उठवलेले. सात रोखे मधोमध फाडलेले होते, म्हणजे फिटलेले. दोन अखंड. त्या दोन घरांशी आमची आजही बोलचाल आहे, जरा जपून. चुलत्यांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, “हातउसने असतील.” कागदावर व्याजाचा दर स्पष्ट होता. मी विषय वाढवला नाही.

सगळ्यात खाली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले मोडी कागद होते. मी पहिली चूक तिथेच केली. एक कागद घडीवर फाटत होता, त्याला सेलोटेप लावली. वर्षभरात तिथला भाग पिवळा पडून शाई फिकटली. कृपा करून असं करू नका. घडी उघडा, सपाट ठेवा, फोटो काढा आणि हात लावायचं थांबवा.

मोडी वाचणारा शोधायला लागले आणि नेमकं तेव्हा, २०२३ मध्ये, जुन्या कागदांतून कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला. मोडी जाणणाऱ्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका गृहस्थांनी व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवरून घाईत चार ओळींचा सारांश पाठवला. भावांमधलं वाटणीपत्र आहे, तीन भाऊ आहेत आणि ‘पाळीबाई’ नावाच्या बाईचा विहिरीत काही हक्क आहे, असा. झालं. एकाऐवजी दोन बायका झाल्या, सातबाऱ्यावरच्या त्या एक आणि ही पाळीबाई दुसरी.

पुढचे चार महिने मी पाळीबाईच्या मागे होते. तलाठी कार्यालयातल्या जुन्या फेरफारांत (हक्कबदलाच्या नोंदींत) नाही, आठ-अ मध्ये (खात्याच्या उताऱ्यात) नाही. भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. एकजण म्हणाले, हो, होती पाळीबाई, पाटलाच्या वाड्यात असायची. हे त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं की मी ते वहीत लिहून घेतलं. आठवणींवर वंशावळ लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी: तुम्ही नाव देऊन विचारलंत की माणसं त्या नावाची आठवण काढून देतात.

शेवटी मोडी स्वतःच शिकायचं ठरवलं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात, पुराभिलेख विभागही वर्ग घेतो. अक्षरं दोन आठवड्यांत येतात. वाचायला येत नाही. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. ओळ संपली की शब्द अर्ध्यात तोडून पुढच्या ओळीवर जातात. तेव्हा अक्षर ओळखणं हे निम्मंच काम, कुठला शब्द कुठे संपतो हे ज्याच्या त्याच्या डोक्याने ठरवायचं. आणि लिहिणाऱ्याचा विषय माहीत नसेल तर डोकं चुकीचं ठरवतं. मला शेती माहीत होती, निदान लहानपणीची तरी. त्याचा उपयोग झाला.

एका रविवारी मी वाटणीपत्राची एकेक ओळ वहीवर देवनागरीत उतरवत होते. विहिरीचा परिच्छेद आला. दोन मोटांची विहीर. थोरल्याच्या पाळ्या, मधल्याच्या पाळ्या, धाकट्याच्या पाळ्या, वार घालून दिलेले. मग आलं: ‘शनवारीपाळीबाईची’.

पाळी बाईची. शनिवारी.

पाळीबाई नावाचं माणूस कधी नव्हतंच. शनिवारी मोट धरायची पाळी बाईची होती. मी खुर्चीवरून उठले आणि घरात कुणीच नसताना मोठ्याने हसले. चार महिने! आणि पाटलाच्या वाड्यातली ती?

मग पुढचं भराभर लागत गेलं. कागदाची तिथी माघातली, शके १८४५, रुधिरोद्गारीनाम संवत्सर. संवत्सराचं नाव वाचून मी दचकले होते, पण ते साठ वर्षांच्या चक्रातलं एक नाव आहे आणि त्याचा मोठा उपयोग असतो. आकडा पुसट असला तरी संवत्सरावरून साल ताडून बघता येतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण माघ जानेवारीच्या पलीकडे जातो म्हणून ७९. म्हणजे १९२४ चा फेब्रुवारी किंवा मार्चची सुरुवात. तीन भाऊ वाटण्या करतात आणि लिहितात की ‘आपली भगिनी’ हिला चोळीबांगडीस १ एकर ६ गुंठे, थोरली चिंच आणि शनिवारची पाळी, हयातीपर्यंत. भगिनीचं नाव माहेरचं. सातबाऱ्यावर मात्र सासरचं, लग्नात बदललेलं. दोन नावं आणि एकच बाई. मी तर तिला तीन करून ठेवली होती.

ते १ एकर ६ गुंठे सर्वे नंबरांत होतं, आजचा सातबारा गटांत. मधला दुवा एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यात सापडतो, ज्यात जुना नंबर कुठल्या गटात गेला ते असतं. क्षेत्र ताडून बघायला एक सोपी गोष्ट: गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, ४६ गुंठे म्हणजे साडेशेचाळीस आर. आमच्या गटाच्या ओढ्याकडच्या बाजूला तेवढाच तुकडा बांध घालून वेगळा आहे. त्याला आम्ही लहानपणापासून ‘बाईची पट्टी’ म्हणतो.

बाईची पट्टी! कुठली बाई, हे आमच्यातल्या एकानेही कधी विचारलं नव्हतं. विहिरीच्या काठाला दोन शेंदूर लावलेले दगड आहेत, त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं होतं की बाई म्हणजे आसरा, पाण्यातली देवता. आई अजूनही पट्टीत पेरणीआधी हळदकुंकू वाहते. चुलतीने एकदा तिथे नवस बोलला होता आणि तो पावलाही.

आता आत्याला विचारलं. माझी आत्या ऐंशीच्या घरातली, पुण्यात माझ्यापासून वीस मिनिटांवर राहते. तिला विचारायचं सहा महिन्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण जमिनीचं बायकांना काय माहीत. ती म्हणाली, “अगं, आत्याबाई! दादांची आत्या. चिंचा फोडायला बसवायची आम्हाला. चिंचोके आपले, चिंच तिची. एक चिंच तोंडात टाकली की हातावर फटका.” नवरा मानमोडीच्या साथीत गेला, पोटात मूल होतं, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, असं ती म्हणाली. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्यांच्या सासरच्या गावाचं त्या सालचं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची वही, मी नंतर पाहिलं. सप्टेंबर-ऑक्टोबरची पानं संपता संपत नाहीत. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप, आणि पुढे पुढे लिहिणाराही कंटाळून नुसत्या दोन टिंबांची खूण करत गेलेला. त्या टिंबांपैकी एकासमोर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं.

राहिला वकिलांचा प्रश्न. आमच्या गावची कोतवाल बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. कोर्ट फीचं तिकीट लावून अर्ज केला. पहिल्यांदा ‘रेकॉर्ड जीर्ण आहे’ असं उत्तर मिळालं, दुसऱ्यांदा संबंधित कर्मचारी रजेवर, तिसऱ्यांदा एका भल्या कारकुनाने गठ्ठाच समोर ठेवला आणि म्हणाला, “तुम्हीच बघा मॅडम, मला मोडी येत नाही.” जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. मी १९४० पासून बघत आले. नोंदीतल्या वयांवर विसंबू नये, सगळी माणसं पन्नास, पंचावन्न नाहीतर साठाव्या वर्षी मरतात.

१९५१ च्या भाद्रपदात सापडल्या. वय ६०, कारण म्हातारपण. नाव सासरचंच.

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. पलीकडे चुलते होते. साल ऐकून त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, “चला, म्हातारी वेळेवर गेली म्हणायची.” त्यांना वाईट म्हणायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर १९५१ हा आकडा दिसला तेव्हा माझ्याही छातीवरचं ओझं उतरलंच होतं. तहसीलच्या पायरीवर मी बराच वेळ तो फोन हातात धरून बसले होते.

पुढचं नेहमीसारखं. दाखला जोडला, फेरफार धरला, नोटिसा निघाल्या, हरकतीचे पंधरा दिवस कुणी हरकत न घेता गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. फेरफाराची ओळ अशी आहे: ‘सदर बाई मयत झालेने इतर हक्कातील नाव कमी केले.’ नवा सातबारा स्वच्छ निघाला.

जुन्या सातबाऱ्याची प्रत मी मोडी कागदांबरोबर सुती कापडात बांधून पेटीत ठेवली, सेलोटेपशिवाय. वाटणीपत्राचं देवनागरी लिप्यंतर आत्याला मोठ्या अक्षरात छापून दिलं. तिने चिंचेची ओळ दोनदा वाचायला लावली. पेरणीआधी आईने यंदाही पट्टीत हळदकुंकू वाहिलं. मी तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, “मग काय झालं? आता तर नातं पण निघालं.”

माझ्या हक्कसोडपत्राचा मसुदा भावाने टाईप करून आणला होता. तो कपाटावर आहे. अजून सही झालेली नाही, आणि भावानेही परत विचारलेलं नाही.