अनुमोदक कोण?

बावीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काढली. प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहिताना हात थरथरला तो एकदाच.

गाव नगर-बीडच्या शिवेवरचं. गावाला लागून गायरान. त्यावर एका महाराजांच्या संस्थेने आधी पत्र्याचं शेड टाकलं, मग भक्तनिवासाचा पाया घेतला, मग तारेचं कुंपण. पंचक्रोशीत त्यांचा मोठा भक्तगण. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे उमेदवार तिथे नारळ वाढवून जायचे. कुंपण घातलं तेव्हा कुणी ब्र काढला नाही.

मग संस्थेचा अर्ज आला: भक्तनिवासाची नोंद नमुना ८ ला लावावी. बाहेरच्याला हा साधा कागद वाटेल. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, मालकीचा पुरावा नव्हे. पण एकदा मिळकत नंबर पडला की घरपट्टीची पावती फाटते, पावतीवर विजेचं मीटर मिळतं, आणि दहा वर्षांनी हेच कागद कब्जा दाखवायला कोर्टात पुढे केले जातात. मला फोनवर फोन येत होते. "भाऊसाहेब, देवाचं काम आहे, अडवू नका."

सरपंच महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या. शिक्षण सातवी, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पायी वारी. त्यांचे थोरले दीर त्याच संस्थेचे विश्वस्त. ताई सही करतील असं मी धरूनच चाललो होतो. अर्ज पुढे ठेवला तर म्हणाल्या, "त्या गटाचा सातबारा काढा." जमीन सरकारची, इतर हक्कात 'गुरचरण'. ताईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं, बराच वेळ उचललं नाही. मी सांगितलं, २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना बजावलंय, आणि त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या शासनाचा निर्णयही निघालाय.

"मग ग्रामसभेची नोटीस काढा," ताई म्हणाल्या.

ग्रामसभेला कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागतो एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जो आकडा कमी असेल तो. एरवी तो भरत नाही, सभा तहकूब होते. त्या दिवशी मारुतीच्या पारापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरगावचे भक्त टेम्पो भरभरून आले होते. मी मतदार यादी घेऊन बसलो. यादीत नाव सापडेल त्याचीच सही घेतली, बाकीच्यांना मागे उभं केलं. शिव्या खाल्ल्या.

दीर सर्वांसमोर बोलले, "घरच्या सुनेने देवाच्या आड येऊ नये."

ताई पदर सावरून उठल्या. "भाऊजी, देव माझाबी आहे. पण ही जमीन देवानं मागितली नाही, माणसांनी घेतली. उन्हाळ्यात धनगरवाड्याची मेंढरं कुठं चारायची, तेवढं सांगा." मग माझ्याकडे वळल्या. "लिहा भाऊसाहेब. गायरानातलं अतिक्रमण काढावं, असा तहसीलदारांकडे प्रस्ताव. सूचक मी. अनुमोदक कोण?"

कुणी बोलेना. पहिल्या रांगेतले त्यांच्याच गटाचे सदस्य खाली बघत होते. ताई उभ्याच राहिल्या.

मागून एक म्हातारे मेंढपाळ काठी टेकत पुढे आले. "माझं नाव घाला." त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि शाईचा पॅड वाळलेला. मी त्यावर पाण्याचे थेंब टाकले. भेगाळलेला अंगठा त्यांनी दोनदा दाबला तेव्हा कुठे ठसा उमटला. मग हात वर होऊ लागले. दोन वेळा मोजले. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला.

त्याची किंमत ताईंनी मोजली. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, कीर्तनात त्यांच्या शेजारी बायका बसेनात. सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी सांगून पाहिलं. म्हणाल्या, "आपल्याच माणसांवर पोलिसात कुठं जाऊ?" मला ते आजही पटत नाही. पुढे अविश्वास ठराव आला. महिला सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्य लागतात. नऊपैकी सहाच जमले, सातवा मिळाला नाही.

मोजणी झाली, कुंपण निघालं. भक्तनिवासाचा दावा कोर्टात चालू आहे. माझी बदली होईपर्यंत नमुना ८ ला त्याची नोंद लागली नव्हती.