एका सोळाच्या आकड्यानं खाल्लेले चार दिवस

मुख्य इमारतीतल्या सेमिनार हॉलमधलं व्याख्यान पलीकडच्या इमारतीतल्या सभागृहात पडद्यावर दाखवायचं, शिवाय लॅबमध्येही, असं आमच्या कॉलेजात ठरलं. प्रत्येक ठिकाणी वेगळी प्रत पाठवली तर अपलिंक (दोन इमारतींना जोडणारी लाइन) गुदमरणार, म्हणून मल्टिकास्ट: एकच प्रत पाठवायची, ती ज्यांना हवी त्यांच्यापर्यंत नेटवर्कच पोचवतं. कोअर स्विचवर (सगळं नेटवर्क जिथे जोडलंय तो मुख्य स्विच) मल्टिकास्ट राउटिंग चालू केलं, व्हीएलॅनवर (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) आणि अपलिंकवर पीआयएम स्पार्स मोड, म्हणजे मागेल त्यालाच प्रवाह देणारी पद्धत, टाकला, कोअरलाच रॉन्देवू पॉइंट, म्हणजे पाठवणारे आणि मागणारे जिथे भेटतात ती जागा, केलं. अर्धा तास लागला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एन्कोडरच्याच (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर सोडणारं यंत्र) व्हीएलॅनमध्ये लॅपटॉप लावला, व्हीएलसी प्लेअरवर चित्र झक्क. तोच लॅपटॉप लॅबमध्ये नेला तर काळा पडदा. कोअरवर ‘शो आयपी ट्रॅफिक’ ही कमांड मारली तर ‘बॅड हॉप काउंट’ दर वेळी काही हजारांनी वाढलेला. म्हणजे टीटीएल, पॅकेटला किती राउटर ओलांडायची मुभा आहे तो आकडा. मल्टिकास्टचा टीटीएल कुणी ठरवून दिला नाही, तर तो १ असतो. राउटिंग करताना एक वजा झाला की शून्य, आणि पॅकेट कचऱ्यात. युनिकास्ट, म्हणजे एकाकडून एकालाच, असतं तर राउटरनं निदान तसा निरोप तरी पाठवला असता. मल्टिकास्टच्या बाबतीत तो पाठवायचाच नाही असा नियम आहे. सगळं गुपचूप मरतं.

एन्कोडरवर टीटीएल ८ केला. दोन उड्यांसाठी आठ म्हणजे चैनच, असं मला वाटलं. लॅबमध्ये चित्र आलं, बॅड हॉप काउंट थांबला, मी चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर सभागृहात पडदा काळाच.

इथून पुढचे तीन दिवस आठवले की अजून डोकं तापतं. लॅबमध्ये येतं आणि सभागृहात येत नाही, म्हणजे घोळ पलीकडच्या इमारतीत, हे मी मनाशी पक्कं केलं. फायबर जिथे लागते ते एसएफपी बदलले, फायबरची पॅच कॉर्ड बदलली, तिथल्या स्विचचं आयजीएमपी स्नूपिंग (कुठल्या पोर्टला प्रवाह हवाय ते ऐकून तिथेच तो सोडणं) बंद करून पाहिलं. सपोर्टला तिकीट टाकलं. रोज नवा इंजिनिअर, रोज तोच प्रश्न: “सर, पिंग होतंय का?” होतंय हो, पिंग कालही होत होतं! कोअरवर ‘शो आयपी एमराउट’मध्ये (मल्टिकास्ट कुठून कुठे जातं त्याचा तक्ता) आउटगोइंग यादीत अपलिंक दिसत होता, म्हणून तिथे पुन्हा पाहावं असं ना त्यांना वाटलं ना मला.

(हे करताना एक लक्षात ठेवा: ग्रुपचा पत्ता, म्हणजे ज्या आयपी पत्त्यावर प्रवाह सोडायचा तो, २३९.०.०.५ वगैरे घेऊ नका. त्याचा मॅक पत्ता (स्विच ज्यावरून पॅकेट ओळखतो तो) राउटरांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखीव असलेल्या २२४.०.०.५ च्या मॅकसारखाच होतो आणि स्नूपिंग असूनही तो प्रवाह सगळ्या पोर्टवर सांडू शकतो. संस्थेच्या आतल्या वापराला २३९.२५५ नं सुरू होणारे पत्ते बरे.)

चौथ्या दिवशी माझ्या आधी हे काम पाहणाऱ्या सरांना फोन केला. ते आता दुबईत. सगळं ऐकून म्हणाले, “अरे, अपलिंकवर टीटीएल थ्रेशोल्ड, टीटीएलची किमान मर्यादा, आहे ना? मीच टाकला होता. लॅबची पोरं सिनेमे सोडायची.”

‘शो आयपी आयजीएमपी इंटरफेस’ मारलं. मधेच एक ओळ: ‘मल्टिकास्ट टीटीएल थ्रेशोल्ड इज १६’. ही ओळ तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून सरकत होती. सगळीकडे ती शून्यच असते, म्हणून वाचलीच नव्हती. थ्रेशोल्ड १६ म्हणजे सोळापेक्षा जास्त टीटीएल असेल तरच पॅकेट त्या इंटरफेसमधून बाहेर. माझ्या आठातला एक कोअरनंच खाल्लेला, उरले सात. दारावरच अडवलं.

मॅन्युअलात हे सगळं ‘ऐच्छिक’ म्हणून येतं, आणि ऐच्छिक म्हटलं की आपण पान उलटतो. प्रवाह अडवायचाच असेल तर थ्रेशोल्डपेक्षा मल्टिकास्ट बाउंडरी वापरा, म्हणजे कुठले ग्रुप इंटरफेस ओलांडू शकतात ते यादीनं ठरवा. त्या यादीत, म्हणजे ॲक्सेस लिस्टमध्ये, नको ते ग्रुप नाकारा, पण शेवटी उरलेल्यांना परवानगीची ओळ विसरू नका, नाहीतर न लिहिलेला नकार सगळंच कापतो. मी नंतर तीच लावली. सिनेमे बंद, व्याख्यान चालू.

थ्रेशोल्ड शून्य केला आणि सेकंदाभरात सभागृहात वक्त्याचा चेहरा आला. शिपाई मामांनी टाळी वाजवली, मला काय वाटलं ते सांगत नाही. कॉन्फिगरेशन सेव्ह करायचं मात्र त्या आनंदात राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी वीज गेली, यूपीएसची बॅटरी आधीच म्हातारी, कोअर रीबूट झाला. मामांचा फोन: “साहेब, पडदा परत काळा.” या वेळी मला दोन मिनिटं लागली.