गुडघ्याचे अंश मोजताना

उजव्या गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर चौथ्या दिवशी मी घरी आले, तेव्हा रुग्णालयाने औषधांच्या यादीबरोबर मोबाइलमध्ये एक ॲपही घालून दिले होते. कॅमेऱ्यासमोर व्यायाम केला की खुबा, गुडघा आणि घोटा यांचे बिंदू हेरून ते गुडघ्याचा कोन काढणार आणि त्यावरून दुसऱ्या दिवसाचा व्यायाम ठरवणार. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट मॅडम येणार होत्याच. त्या एवढेच म्हणाल्या, "काकू, करा तुम्ही. ते काय म्हणतंय ते मीही बघते."

मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून मी टाच गादीवरून मागे सरकवत गुडघा वाकवत असे. बाराव्या दिवशी पडद्यावर ९८ अंश झळकले आणि मी लगेच मुलीला फोन करून ते सांगितलेही. संध्याकाळी मॅडमनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला, तर ८४ भरले. त्यांनी तोच व्यायाम पुन्हा करायला लावला आणि शेजारी बसून पाहिले, तेव्हा उलगडा झाला: गुडघा अडला की मी नकळत कंबर उचलत होते, आणि सैल गाऊनमुळे खुब्याचा सांधा नेमका कुठे आहे हे कॅमेऱ्याला समजत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी चुडीदार घालून व्यायामाला बसू लागले.

ॲप रोज वेदना शून्य ते दहामध्ये विचारत असे. एकदा मी ४ दाबले आणि त्याने व्यायाम थोडा कमी केला. मॅडमनी मात्र "कुठे दुखतंय?" असे विचारले. पोटरी, असे म्हणताच त्यांनी दोन्ही पोटऱ्यांना हात लावून ऊब ताडून पाहिली, टेपने घेर मोजला, व्यायाम थांबवला आणि सर्जनना फोन केला. शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, ही त्यांची शंका होती. डॉप्लर तपासणीत, म्हणजे रक्तप्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीत, गुठळी निघाली नाही, तरी ती रात्र काही झोपेत गेली नाही.

एवढे होऊनही मॅडम ॲपवर नाराज नव्हत्या, याचे मला नवल वाटले. "दोन्ही वेळा करते" असे मी त्यांना छातीठोकपणे सांगत असे, पण संध्याकाळचा व्यायाम निम्म्यावरच सुटतो हे त्यांनी ॲपच्या नोंदींत पाहिले होते. त्यांनी रागावण्याऐवजी सर्जनना विचारून वेदनाशामक गोळीची वेळ व्यायामाच्या आधी आणली. "मोजायचं काम त्याच्याकडे जाऊ दे, मला हवंच आहे," त्या म्हणाल्या. "पण ते चुकलं, तर घरच्यांनी जाब कोणाला विचारायचा? आणि ॲप आहे म्हणून उद्या तीन भेटींची एक केली, तर पोटरीला हात कोण लावणार?"

सहाव्या आठवड्यात गोनिओमीटरवर ११२ अंश भरले. ॲप १०९ दाखवत होते. मॅडमनी दोन्ही आकडे वहीत लिहिले.