मुलीची साक्ष आणि शेजारी मी

बाल कल्याण समितीने पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, एका केसमध्ये मला सपोर्ट पर्सन म्हणून नेमलं. (मुलीचं नाव-गाव सांगणार नाही, कायद्यानेच मनाई आहे.) तिच्या आईने पहिल्याच भेटीत विचारलं, "म्हणजे तुम्ही आमच्या वकील का?" नाही. खटला सरकारी वकील चालवतात. घरच्यांना आपलाही वकील देता येतो, ऐपत नसेल तर तो विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. तारीख कधी, तपास कुठवर आला, कोर्टात काय होणार, हे मुलीला कळेल असं सांगणं हे माझं काम. काय बोलायचं ते मात्र चुकूनही सांगायचं नाही. मुलगी पढवलेली वाटली की बचावाच्या वकिलांचं आयतंच फावतं. 'आठवत नसेल तर तसं म्हण, प्रश्न कळला नाही तर तसं म्हण,' एवढंच मी तिला सांगितलं.

कलम ३५ प्रमाणे कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हायला हवी. आमची तारीख किती वेळा पुढे गेली ते विचारू नका.

२०१२ चा हा कायदा मुलांचा विचार करून लिहिलाय खरा, पण त्यातल्या सोयी मागितल्याशिवाय मिळत नाहीत, असं माझं स्पष्ट मत झालंय. साक्षीच्या वेळी मुलाच्या नजरेस आरोपी पडता कामा नये, म्हणून मी आधीच सरकारी वकिलांना गाठून पडद्याचं बोलून ठेवलं. पडदा आला, दवाखान्यात असतो तसला, चाकांचा, हिरवा. आरोपीला त्यामागे बसवलं, तर खालून त्याच्या चपला दिसायला लागल्या! मुलगी तिकडेच बघत राहिली, आवाज फुटेना. मला मध्ये बोलता येत नव्हतं. सरकारी वकिलांकडे चिठ्ठी सरकवली. न्यायाधीशांनी लगेच त्याची जागा बदलायला लावली.

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांकडून झालेली विचारपूस, नीट झाला. उलटतपासाला बचावाचे वकील थेट मुलीलाच विचारू लागले, "तू हे कुणालाच सांगितलं नव्हतंस, हे खोटं नाही ना?" मलाच कळेना, 'हो' म्हणायचं की 'नाही'. कलम ३३ प्रमाणे प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि त्यांनी ते मुलाला विचारायचे. त्यांनी वकिलांना थांबवून स्वतःच विचारलं, "तू हे कुणाला सांगितलंस का?"

"आजीला."

मग तिने पाणी मागितलं. कोर्टाने थोडी सुट्टी दिली.

निकाल यायचाय. अंतरिम भरपाईसाठी मात्र निकालाची वाट बघावी लागत नाही, गुन्हा नोंदल्यावर विशेष न्यायालयात अर्ज करता येतो. आमचा अर्ज दिलाय, पुढच्या तारखेला सुनावणी आहे.