विटलीची कौलारू घरं आणि हेलन ॲलिंगहॅम

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून पोर्ट्समथच्या गाडीत बसलं की तासाभरात विटली येतं. सरे परगण्यातलं हे छोटंसं स्टेशन. तिथून चालत सँडहिल्स गाठलं. जलरंगात काम करणारी हेलन ॲलिंगहॅम १८८१ मध्ये लंडन सोडून नवरा-मुलांसह इथे राहायला आली आणि आसपासची जुनी घरं रंगवत सुटली.

त्यातली काही घरं अजून उभी आहेत. वरच्या मजल्याच्या भिंतींना बाहेरून भाजलेल्या मातीची कौलं लावलेली, पाऊस-वारा थेट भिंतीला लागू नये म्हणून. आज दारात महागड्या गाड्या दिसतात. याची सुरुवात हेलनच्या काळातच झाली होती. १८५९ मध्ये रेल्वे आली, तिच्या मागोमाग लंडनचे पैसेवाले आले. जुनी घरं पाडली जाऊ लागली, नाहीतर ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. हेलनही त्याच रेल्वेने आलेली, हे मात्र विसरायला नको!

तिची चित्रं लंडनमध्येच नीट पाहायला मिळतात. हॅम्पस्टेडच्या बर्ग हाउसमध्ये तिच्या कामाचा मोठा संग्रह आहे. दारात बाई, कडेवर मूल, कुंपणाशी फुलं... बिस्किटांच्या डब्यावर शोभतील अशी, असं म्हणून मी कदाचित पुढे गेले असते. पण जवळून पाहिलं तर कागद ठिकठिकाणी खरवडलेला, रंग पुसून काढून पुन्हा लावलेला. प्रत्यक्ष घराला नव्या पद्धतीच्या खिडक्या बसवलेल्या असल्या, तरी ती चित्रात जुन्या जाळीदार खिडक्या परत आणायची. म्हणजे नोंदही आणि डागडुजीही. इतिहासाचा पुरावा म्हणून ही चित्रं जपूनच वापरावीत. पण काय वाचवायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ही आवड नुसत्या हौसेतून आलेली नव्हती. १८४८ चा जन्म, वडील डॉक्टर. १८६२ मध्ये घटसर्पाने वडील आणि धाकटी बहीण दोघंही गेले. मावशी लॉरा हर्फर्ड हिने १८६० मध्ये अर्जावर पूर्ण नावाऐवजी फक्त आद्याक्षर लिहून रॉयल अकादमीच्या शाळेत प्रवेश मिळवला होता. तिथे शिकणारी ती पहिली स्त्री. १८६७ मध्ये भाचीही त्याच शाळेत गेली. पुढे 'द ग्राफिक' साप्ताहिकात नोकरी, १८७४ मध्ये थॉमस हार्डीच्या कादंबरीसाठी चित्रं, आणि त्याच वर्षी चोवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या आयरिश कवी विल्यम ॲलिंगहॅमशी लग्न.

१८८८ मध्ये कुटुंब हॅम्पस्टेडला आलं. पुढच्याच वर्षी विल्यम वारला. तीन मुलांचा संसार या कौलारू घरांच्या चित्रांवर चालला. १८९० मध्ये रॉयल वॉटरकलर सोसायटीने तिला पूर्ण सभासद करून घेतलं. हा मान मिळालेली ती पहिलीच स्त्री. त्याआधी पंधरा वर्षं सोसायटीने तिला नुसतं सहसभासद ठेवलं होतं.